चिमूटभर हळद, कागदाला भोक

दिवाळीच्या सुट्टीआधी कार्यानुभवाच्या तासाला शुभेच्छापत्रे करण्याची पद्धत आपल्या अनेक शाळांत आहे. जाड कागदात नक्षी कापायची, तो कागद दुसऱ्या कागदावर ठेवायचा, मोकळ्या जागेत डिंक लावायचा आणि वरून रंगाची पूड भुरभुरायची. छापा अलगद उचलून कागद झटकला की पणती किंवा कमळ तयार. मुले खूश होतात आणि भिंतीवर दोऱ्याने टांगलेली शुभेच्छापत्रे दोन दिवस वर्ग सजवतात.

या साध्या कामात दोन फार जुनी तंत्रे एकत्र येतात. एक छाप्याचे, म्हणजे भोकातून आकृती उतरवण्याचे. दुसरे पुडीचे, म्हणजे दगड, माती, मुळे यांपासून रंग काढण्याचे. आज छापाही दुकानातून येतो आणि रंगाची पुडीही. मुलांच्या वाट्याला उरते ती फक्त भुरभुरण्याची क्रिया. पण छाप्याचे खरे कौशल्य तो कापण्यात असते आणि रंगाचे खरे ज्ञान तो तयार करण्यात. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात तर ही दोन्ही ज्ञाने अगदी घराच्या उंबऱ्यावर होती. ती कशी होती आणि शाळेत परत कशी आणता येतील, हे या लेखात पाहू.

धुळीची चित्रे

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाला ठाऊक असाव्यात अशा नाना विषयांत त्याने चित्रकलेचाही विचार केला आहे. चित्रांचे प्रकार सांगताना त्याने ओल्या रंगांनी काढलेले ते ‘रसचित्र’ आणि कोरड्या पुडीने काढलेले ते ‘धूलिचित्र’ असा भेद केला. आपली रांगोळी हे धूलिचित्रच. म्हणजे अंगणातल्या या कामाला निदान नऊशे वर्षांपूर्वी चित्रकलेच्या शास्त्रात जागा मिळालेली होती.

धूलिचित्रासाठी लागणारे रंग जवळपासच मिळत. शिरगोळ्यासारखा मऊ पांढरा दगड कुटून चाळला की रांगोळी झाली. तांबडा रंग गेरूचा. गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड. पाचगणीचे पठार ज्या जांभा दगडाचे आहे, त्याला तांबडेपणा येतो तो लोहाच्या ऑक्साइडांमुळेच. काळा रंग काजळीचा किंवा कोळशाचा. आणि पिवळा अर्थातच हळदीचा. कराड तालुक्यातील पाल येथे खंडोबाची पौष महिन्यात यात्रा भरते. तेथे भंडारा उधळला जातो तेव्हा माणसे, रस्ते, घरांची छपरे सारे पिवळे होते. भंडारा म्हणजे हळदीचीच पूड.

या पुडींचे दोन गट पडतात. गेरू, कोळसा, रांगोळी पाण्यात विरघळत नाहीत. त्यांचे कण जसेच्या तसे राहतात आणि कागदाला चिकटवण्यासाठी डिंक किंवा खळ लागते. उलट कापड रंगवायचे रंग द्रवात विरघळून धाग्यात शिरतात, त्यांना वेगळा डिंक लागत नाही. हळदीची गंमत अशी, की तिच्यातले रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये चांगले विरघळते. म्हणून ती पूड म्हणूनही वापरता येते आणि कागद रंगवायलाही.

आणखी एक गोष्ट मुलांना हाताने तपासता येईल. रांगोळी चिमटीतून सरसर सुटते, हळद मात्र गोळे धरते. कण जितका बारीक, तितके त्याचे वजन कमी होते आणि पृष्ठभागावरची चिकटून राहण्याची ओढ वजनाला भारी पडते. त्यामुळे अतिबारीक पूड छाप्याच्या कडेला लटकते किंवा हवेत उडते. अतिजाड पूड खाली पडून घरंगळते आणि नक्षीची कड फिसकटते. रांगोळी चाळणाऱ्या बायकांनी कणांचा योग्य आकार केव्हाच हाताने ठरवून टाकला होता.

उदबत्तीने पाडलेली भोके

छाप्यांबद्दल चित्रकलेच्या शिक्षकांची एक तक्रार असते. छापा वापरला की सगळ्यांची चित्रे एकसारखी येतात, मुलाला स्वतःचे काही करायला उरत नाही. तयार छाप्यांबाबत ही तक्रार रास्त आहे. पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे रांगोळीचे छापे, नळकांड्यासारखे फिरणारे छापे हे सारे एकच आकृती पुन्हा पुन्हा उमटवतात.

पण आपल्याकडे घरोघरी एक वेगळाच छापा होता आणि काही घरांत अजूनही आहे. तो म्हणजे ठिपक्यांचा कागद. जुन्या दिनदर्शिकेचे पान किंवा खाकी कागद घ्यायचा, पेन्सिलीने समान अंतरावर खुणा करायच्या आणि पेटत्या उदबत्तीने प्रत्येक खुणेवर भोक पाडायचे. उदबत्तीच का? सुईचे भोक फार लहान पडते आणि कागद दुमडून बुजते. उदबत्तीने कागद जळून गोल, मोकळे भोक पडते. तो कागद सारवलेल्या जमिनीवर अंथरायचा, वर रांगोळी टाकून तळहात फिरवायचा आणि कागद उचलायचा. खाली ठिपक्यांची स्वच्छ जाळी.

हा छापा चित्र देत नाही. तो फक्त जागा देतो. त्याच ठिपक्यांवर आई कमळ काढते, मुलगी कासव काढते आणि शेजारीण तिसरेच काहीतरी. छापा वापरूनही प्रत्येकीचे चित्र वेगळे येऊ शकते, हे या कागदाने अनेक पिढ्यांपूर्वी सिद्ध केलेले आहे.

ठिपक्यांत गणितही भरपूर आहे. ‘पंधरा ते आठ’ ही परिचित मांडणी घ्या. मधल्या ओळीत १५ ठिपके, तिच्या वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी करत ८ पर्यंत यायचे. ठिपके एकमेकांच्या मधोमध पडतात, म्हणून बाहेरची आकृती षट्कोनी होते. एकूण ठिपके किती? एका बाजूच्या ओळींत ८ ते १४ या संख्यांची बेरीज ७७. दोन्ही बाजू मिळून १५४ आणि मधले १५, म्हणजे १६९. हीच बेरीज दुसऱ्या प्रकारे होते. मधला एक ठिपका, त्याभोवती ६, त्याभोवती १२, मग १८, असे करत शेवटच्या कड्यात ४२. सात कडी मिळून १६८ आणि मधला १. नववीच्या मुलांना या दोन बेरजा सारख्या का येतात हे शोधायला सांगावे. अंकगणिती श्रेढी शिकवायला यापेक्षा सुंदर उदाहरण शोधावे लागेल.

खाका म्हणजे धूळ

भोकातून आकृती उतरवण्याची कल्पना मानवाला फार लवकर सुचली. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या एका गुहेत भिंतीवर हाताचा पंजा ठेवून भोवती तांबडा रंग उडवलेला आहे. हात काढून घेतला की त्याची मोकळी आकृती मागे उरते. या पंजाचे वय किमान ३९,९०० वर्षे असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या शाळांत झाडाचे पान कागदावर ठेवून ब्रश आणि फणीने रंगाचे तुषार उडवतात, ते तंत्र हेच.

पुढे सुईने टोचलेला कागद आला. चित्राच्या रेषांवर बारीक भोके पाडायची आणि कापडाच्या पुरचुंडीत कोळशाची पूड बांधून ती वरून आपटायची. खाली ठिपक्यांची रेघ उमटते, ती जोडून चित्र पुरे करायचे. चीनमधील दुन्ह्वांगच्या गुहांत भिंतीवर बुद्धाच्या एकसारख्या असंख्य आकृत्या काढण्यासाठी वापरलेले असे टोचलेले कागद हजारेक वर्षांपूर्वीचे आहेत. आपल्या देशातील लघुचित्रकार अशीच टोचलेली पातळ चामडी व कागद वापरत. फार्सीत अशा आराखड्याला ‘खाका’ म्हणतात आणि ‘खाक’ म्हणजे धूळ. मराठीत आपण एखाद्याच्या स्वभावाचा ‘खाका’ काढतो, त्या शब्दाला मुळात ही धूळ लागलेली आहे. इटलीतील चित्रकार याच कृतीला ‘स्पोल्व्हेरो’ म्हणत, आणि त्या शब्दाच्या मुळाशीही धूळच आहे.

मथुरा-वृंदावनात पितृपंधरवड्यात कागदात अतिशय नाजूक नक्षी कापून, त्यातून कोरडे रंग टाकून ‘सांझी’ काढतात. ती कधी मातीच्या ओट्यावर असते, तर कधी चक्क पाण्याच्या पृष्ठभागावर. त्यानंतर थोड्याच दिवसांत, आश्विनात, सातारा-सांगलीकडे हादग्याची गाणी सुरू होतात आणि पाटावर हत्ती काढला जातो. तो मात्र हाताने.

कापलेल्या छाप्यात एक अडचण हटकून येते. पत्र्यात ‘ठ’ हे अक्षर कापून पाहा. गोलाच्या आतला तुकडा गळून पडतो आणि खाली नुसता गोळा उमटतो. तो तुकडा धरून ठेवायचा तर बाजूच्या पत्र्याशी जोडणाऱ्या अरुंद पट्ट्या राखाव्या लागतात. बाजारपेठेत पोत्यांवर व्यापाऱ्याचा मार्का छाप्याने उठवतात, त्या अक्षरांत मध्येच रेघ तुटलेली दिसते ती याच पट्ट्यांमुळे. जपानी कापडछपाईच्या कारागिरांनी हे सुटे तुकडे रेशमाच्या धाग्यांनी बांधून ठेवण्याची युक्ती काढली. कोणता भाग गळेल, कोणता राहील, पट्टी कोठे ठेवली तर डोळ्याला खुपणार नाही, हा सारा विचार छापा कापणाऱ्याला आधी करावा लागतो. भूमितीचे आणि कल्पनेचे काम तेथे आहे.

शिक्षकांच्या आधीच्या पिढ्यांना ‘स्टेन्सिल’ हा शब्द माहीत झाला तो सायक्लोस्टाइल यंत्रामुळे. १८७६ मध्ये एडिसनने विजेवर चालणाऱ्या लेखणीचे पेटंट घेतले. तिची सुई कागदाला भराभर बारीक भोके पाडी आणि मग त्या भोकांतून शाईचा रूळ फिरवून प्रती काढता येत. १८८१ च्या सुमारास गेस्टेटनरने मेणकागदावर दातेरी चाकाने लिहिण्याची पद्धत काढली. पुढे टंकलेखन यंत्राने स्टेन्सिल ‘कापणे’ सुरू झाले. १९४२ च्या आंदोलनातील भूमिगत पत्रके आणि शाळांच्या सहामाही परीक्षेच्या प्रश्नपत्रिका एकाच तंत्राने निघाल्या. उदबत्तीने भोके पाडणारी आजी आणि एडिसन यांची मूळ कल्पना एकच होती. एकीने भोकातून पूड पाडली, दुसऱ्याने शाई.

हरिपूरची पेवे

आता पुडीकडे वळू. सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. कृष्णेच्या काठाने वाईपासून सांगलीपर्यंत हळद पिकते. राजापुरी ही येथली प्रसिद्ध जात. सांगलीजवळ कसबे डिग्रज येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हळद संशोधन केंद्र आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

शेतातून काढलेली ओली हळद थेट दळत नाहीत. ती आधी शिजवतात. त्यामुळे आतल्या पिष्टाचे कण फुगून एकजीव होतात, रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि वाळायलाही कमी वेळ लागतो. मग उन्हात वाळवून, पिंपात घोळून वरची साल काढतात. टणक, पिवळेधमक हळकुंड तयार होते.

ही हळद साठवण्यासाठी सांगलीशेजारी हरिपूर येथे, कृष्णा-वारणा संगमाजवळच्या जमिनीत पेवे खणलेली होती. पेव म्हणजे अरुंद तोंडाचे आणि रुंद पोटाचे खोल तळघरच. तेथली माती चिकण असल्यामुळे पाणी सहसा आत झिरपत नसे. हळद भरून तोंड मातीने पक्के बंद केले की ती कीड न लागता दीर्घ काळ टिके. यामागचे विज्ञान सोपे आहे. बंद पेवातला प्राणवायू किडे आणि सूक्ष्मजीव यांच्या श्वसनात संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. मग किड्यांना जगताच येत नाही. औषधे न फवारता धान्य टिकवण्याची जी हवाबंद साठवण आज सुचवली जाते, तिचेच हे मातीतले रूप.

याच कारणाने पेव उघडणे धोक्याचे होते. उघडल्याबरोबर आत उतरणारा माणूस गुदमरू शकतो. म्हणून तोंड मोकळे करून बराच वेळ थांबत आणि आधी दिवा आत सोडून पाहत. दिवा विझला तर उतरायचे नाही. ज्वलनाला प्राणवायू लागतो, हा पाठ्यपुस्तकातला प्रयोग येथे हमालांच्या जिवाची राखण करत होता.

२००५ च्या महापुरात संगमाकाठच्या अनेक पेवांत पाणी शिरले आणि ती निकामी झाली. त्यानंतर हळद मोठ्या प्रमाणात गोदामांत आणि शीतगृहांत गेली. पेव कोठे आणि कसे खणायचे, हे जाणणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

पिवळ्याचे लाल कसे होते?

हळदीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. मुका मार लागल्यावर हळद आणि चुना कालवला की लेपही लाल होतो. हळदीतल्या मुख्य रंगद्रव्याचे नाव कुर्क्युमिन. फोगेल आणि पेलेटिए यांनी १८१५ मध्ये ते हळदीतून वेगळे काढले. त्याची रेणूरचना ठरली ती १९१० मध्ये, मिलोबेंद्झ्का, कोस्तानेत्स्की आणि लाम्पे यांच्या कामातून. आम्लात आणि उदासीन द्रावणात कुर्क्युमिन पिवळे असते. अल्कलीत त्याच्या रेणूतले हायड्रोजन सुटतात, रेणू प्रकाशाचे वेगळे भाग शोषू लागतो आणि आपल्याला तांबूस दिसतो. लिंबू पिळले की पुन्हा पिवळा.

या गुणामुळे युरोपातील रसायनशास्त्रज्ञांच्या टेबलावर लिटमसबरोबर हळदीचा कागद आला. मायकेल फॅरडेने १८२७ च्या आपल्या प्रयोगपद्धतींच्या पुस्तकात त्याचे वर्णन केले आहे. १८३३ मध्ये विजेने क्षारांचे विघटन होते तेव्हा अल्कली नेमकी कोठे निर्माण होते, हे त्याने हळदीचा कागद तांबडा होण्यावरून दाखवले. विजेच्या इतिहासातल्या एका मोठ्या शोधाच्या वेळी आपल्या मसाल्याच्या डब्यातली ही वस्तू हजर होती.

मग कुंकवाचे काय? पंढरपूर आणि सोलापूर जिल्ह्यातील केम ही गावे कुंकवासाठी नावाजलेली. कुंकू मुळात हळदीचेच. पण त्याच्या जुन्या कृतींत एक कोडे आहे. त्यांत हळदीबरोबर टाकणखार, तुरटी आणि लिंबाचा रस येतो. टाकणखार अल्कलीधर्मी आहे, त्याने हळद लाल होईल हे ठीक. पण लिंबाच्या रसाने तर ती परत पिवळी व्हायला हवी!

उत्तर टाकणखारात आहे. टाकणखार हा बोरॉनचा क्षार. आम्लाबरोबर त्यापासून बोरिक आम्ल तयार होते, आणि आम्लाच्या सान्निध्यात वाळताना ते कुर्क्युमिनशी जोडले जाऊन लाल संयुग बनते. हे लाल आम्लाने जात नाही. प्रयोगशाळेत बोरॉन ओळखण्याची जुनी कसोटी नेमकी हीच आहे. हळदीचा कागद नमुन्याच्या द्रावणात आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवून वाळवायचा. बोरॉन असेल तर तांबूस तपकिरी रंग येतो आणि त्यावर अल्कली टाकली की हिरवट काळा होतो. कसोटी आणि कुंकवाची कृती शेजारी ठेवून पाहा, म्हणजे साम्य लक्षात येईल. चुन्याने आलेले लाल घामातल्या थोड्याशा आम्लानेही फिके पडले असते. कपाळावर टिकेल असे लाल हवे होते, आणि बोरॉनचे नावही माहीत नसताना कुणीतरी ते साधले.

पुडीत काय आहे?

जुने ते सारे निर्धोक होते, असे मात्र समजू नये. पोथ्यांत चुकलेले अक्षर झाकायला हरताळ लावत, म्हणून आपण ‘नियमांना हरताळ फासला’ असे म्हणतो. हा हरताळ म्हणजे आर्सेनिकचे सल्फाइड. हिंगूळ पाऱ्याचे सल्फाइड आणि शेंदूर शिशाचे ऑक्साइड. तिन्ही सुंदर आणि तिन्ही विषारी.

१८५६ मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम रंग तयार केला आणि त्यानंतर रंग स्वस्त, भडक आणि मुबलक झाले. गुलाल, कुंकू, रांगोळीचे रंग यांत हे रंग शिरले. कृत्रिम म्हणजे वाईट असे नाही. खाण्यायोग्य ठरवलेले कृत्रिम रंगही आहेत. प्रश्न आहे तो पुडीत काय आहे हे न कळण्याचा. हळदीत भेसळ म्हणून मेटॅनिल यलो हा खाण्यास बंदी असलेला रंग आढळतो. त्याहून वाईट लेड क्रोमेट. तो शिशाचा क्षार असून हळदीला आकर्षक पिवळेपणा देतो. बांगलादेशात हळदीतील लेड क्रोमेटमुळे लोकांच्या रक्तात शिसे जाते, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. सरकारने तपासण्या आणि दंड सुरू केल्यावर दोनेक वर्षांतच बाजारातील ही भेसळ जवळजवळ नाहीशी झाली. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. म्हणून वर्गात मुलांच्या हाती पूड देताना ‘ही कशाची?’ हा प्रश्न शिक्षकाने स्वतःला विचारलाच पाहिजे. उत्तर मिळत नसेल तर ती पुडी बाजूला ठेवावी आणि गेरू, हळद, कोळसा, चाळलेली माती यांवर भागवावे. त्यांतही रंग काही कमी नाहीत.

वर्गात करून पाहण्यासाठी

छापा, पूड आणि कागद यांना एकत्र आणणारा एक प्रयोग सुचवतो. त्याला पूड चिकटवावी लागत नाही, चित्र ऊन काढते.

१. दोन चमचे हळद अर्धी वाटी स्पिरिटमध्ये ढवळून थोडा वेळ ठेवा आणि कापडातून गाळा. स्पिरिट ज्वालाग्राही आहे. जवळ ज्योत नको, खिडक्या उघड्या हव्यात आणि हे काम शिक्षकांनीच करावे.

२. चित्रकलेच्या जाड कागदावर हा अर्क कापसाच्या बोळ्याने सारखा लावा. कागद अंधारात वाळवा.

३. प्रत्येक मुलाने काळ्या किंवा जाड कागदात स्वतःचा छापा कापावा. आधी ‘ठ’ किंवा ‘व’ कापायला सांगा, म्हणजे सुट्या तुकड्याची अडचण मुलांना आपोआप कळेल आणि ती तोडगाही शोधतील.

४. छापा हळदीच्या कागदावर ठेवा. वर काच ठेवून कडक उन्हात ठेवा. काही तासांत मोकळा भाग फिका पडू लागतो. दिवसभर ठेवल्यास फरक अधिक चांगला दिसतो.

५. छापा काढून कागदावर धुण्याच्या सोड्याचे सौम्य द्रावण हलकेच फिरवा. झाकलेला भाग तांबूस होतो, उन्हात फिकटलेला भाग फिकाच राहतो. नंतर हात धुवा.

हळदीचा डाग उन्हात वाळवला की जातो, हे आपल्या आयांना माहीत असते. हा प्रयोग त्याच अनुभवावर उभा आहे. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये फुलापानांच्या रसांवर ऊन पाडून अशी चित्रे काढली होती. छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेतले हे एक पाऊल. चित्र भिंतीवर लावले तर हळूहळू उडून जाईल, कारण ऊन आपले काम थांबवत नाही. ते का उडते हे मुलांनी सांगितले, तर प्रयोग सफल झाला.

घरी विचारायचे प्रश्न

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम बरी करण्याच्या वापरावर पेटंट मिळाले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख होते, त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. जखमेवर हळद लावतात हे भारतातल्या घराघरांत ठाऊक होते. पण पेटंट कार्यालयापुढे ‘सगळ्यांना ठाऊक आहे’ हा पुरावा चालला नाही. जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले लेखी उल्लेख सादर करावे लागले. जे कागदावर होते, तेच कामाला आले.

आपल्या गावांत असे किती ज्ञान कागदावर यायचे राहिले आहे? हे काम मुले करू शकतात. आठवी-नववीच्या मुलांना एक वही घालून द्या. घरी किंवा शेजारी विचारायचे: ठिपक्यांचा कागद कसा करत? भोकांतले अंतर कशाने मोजत? रांगोळीचा दगड कोठून येई? कुंकू घरी केल्याचे कुणाला आठवते का, त्यात काय काय घालत आणि किती दिवस लागत? पेव पाहिलेले कोणी आहे का? उत्तर देणाऱ्याचे गाव आणि साधारण वय लिहावे, शक्य असेल तेथे वस्तूचे चित्र काढावे. दोन घरांच्या कृती वेगळ्या निघाल्या तर उत्तमच. त्या वेगळ्या का, याचे उत्तर शोधताना कोणता भाग आवश्यक आणि कोणता केवळ सवयीचा हे उलगडत जाते, आणि हीच विज्ञानाची रीत आहे.

वर्षाच्या शेवटी अशा पंधरा-वीस वह्या शाळेच्या कपाटात जमा झाल्या, तर पुढच्या दिवाळीत शुभेच्छापत्रे करायला दुकानातून छापा आणि पुडी आणावी लागणार नाही.